गृहकर्जाच्या हप्त्यातील व्याज आणि मुद्दल: नव्या कर्जदारासाठी मार्गदर्शक

गृहकर्ज सुरू होऊन वर्ष झाले की बँकेकडून व्याजाचे प्रमाणपत्र मिळते. ते हातात पडल्यावर बहुतेक नवे कर्जदार एकच प्रश्न विचारतात: वर्षभर एकही हप्ता चुकवला नाही, मग मुद्दल एवढेच कसे कमी झाले? काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन मी शाखेत गेलो होतो. ‘संगणक काढतो तो हिशेब बरोबरच असतो’ एवढ्या उत्तरावर मला परत यावे लागले. त्या रात्री उताऱ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने बारा महिन्यांची आकडेमोड केली, तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. व्याज आणि मुद्दल यांच्या वाटणीमागे काहीही गूढ नाही, सातवीतल्या मुलाला येईल एवढेच ते गणित आहे. दुसरी गोष्ट अशी की हे गणित स्वतः केल्याशिवाय खात्यातील चूक कधीच सापडत नाही. ज्यांचे कर्ज नुकतेच मंजूर झाले आहे किंवा पहिले काही हप्ते गेले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

बसण्यापूर्वी पुढील कागद जवळ ठेवावेत:

- कर्जमंजुरीचे पत्र आणि कर्जकरार, विशेषतः व्याजदर, दर बदलण्याची पद्धत आणि ‘रक्कम जमा करण्याचा क्रम’ ही कलमे
- मुख्य तथ्य विवरणपत्र (बँकेत याला केएफएस म्हणतात). १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी ते देणे बंधनकारक आहे, आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत ते मागता येते
- परतफेडीचा तक्ता, म्हणजे अमॉर्टायझेशन शेड्यूल
- पहिल्या दिवसापासूनचा कर्जखात्याचा उतारा. केवळ हप्ता ज्या बचत खात्यातून जातो त्याचा उतारा पुरेसा नाही
- साधे गणकयंत्र, आणि जमल्यास संगणकावरील एक्सेल

१. पहिल्या तीन हप्त्यांची फोड हाताने करा

या लेखभर एकच उदाहरण घेऊ: ४० लाख रुपयांचे कर्ज, दर साल ८.५ टक्के व्याज, मुदत २० वर्षे म्हणजे २४० महिने. याचा मासिक हप्ता ३४,७१३ रुपये येतो.

नियम एवढाच आहे. महिन्याच्या आरंभी जेवढे मुद्दल शिल्लक आहे त्याला वार्षिक दराने गुणावे आणि १,२०० ने भागावे. जे उत्तर येते ते त्या महिन्याचे व्याज. हप्त्यातून ते आधी वळते होते आणि उरलेली रक्कम मुद्दलात जमा होते.

पहिला महिना: ४०,००,००० गुणिले ८.५ भागिले १,२०० म्हणजे २८,३३३ रुपये व्याज. हप्त्यातून उरले ६,३८०. शिल्लक ३९,९३,६२०.

दुसरा महिना: व्याज २८,२८८, मुद्दल ६,४२५, शिल्लक ३९,८७,१९५.

तिसरा महिना: व्याज २८,२४३, मुद्दल ६,४७०, शिल्लक ३९,८०,७२५.

मुद्दलाचा वाटा दर महिन्याला पंचेचाळीस रुपयांनी सरकतो आहे. ही वाढ पुढे वेग धरते, पण आरंभी ती फार मंद असते. पहिल्या वर्षात आपण ४,१६,५५६ रुपये भरतो आणि त्यांपैकी मुद्दलात जमा होतात जेमतेम ७९,६०९. पाच वर्षांनी एकूण भरणा २० लाख ८२ हजारांवर जातो, तरीही सुमारे ३५ लाख २५ हजार देणे शिल्लकच असते. हप्त्यातील मुद्दलाचा वाटा व्याजाच्या वाट्याहून मोठा होतो तो १४३ व्या महिन्यात, म्हणजे बारावे वर्ष संपत आल्यावर. कर्ज निम्मे फिटते तेव्हा जवळजवळ १३ वर्षे १० महिने उलटलेले असतात.

‘बँक आधी आपले व्याज वसूल करून घेते’ असे जे म्हटले जाते ते यामुळेच, पण ते अर्धेच खरे आहे. बँक पुढच्या महिन्यांचे व्याज आज घेत नाही. आज जेवढे मुद्दल वापरात आहे तेवढ्याचेच, गेल्या एका महिन्याचे व्याज ती घेते. आरंभी मुद्दल मोठे असते म्हणून व्याज मोठे असते. हा फरक नीट समजला की पाचव्या पायरीतील निर्णय सोपा होतो, म्हणून मी येथे थोडा रेंगाळलो.

एक्सेल वापरणाऱ्यांनी चार स्तंभ करावेत: आरंभीची शिल्लक, व्याज, मुद्दल, अखेरची शिल्लक. वरचा नियम पहिल्या ओळीत लिहून २४० ओळींपर्यंत खाली ओढला की पूर्ण तक्ता तयार होतो. तयार गणकयंत्रे संकेतस्थळांवर मिळतात, पण मधेच दर बदलला किंवा जादा रक्कम भरली तर ती उपयोगी पडत नाहीत. स्वतःचा तक्ता मात्र त्या ओळीपासून बदलता येतो.

२. उतारा तक्त्याशी तंतोतंत का जुळत नाही, ते पाहा

येथे पुष्कळ जण गोंधळतात. तक्ता सांगतो व्याज २८,३३३ आणि उताऱ्यात पडते २८,८७७. याचे कारण बहुधा एवढेच असते की बँक व्याज रोजच्या शिल्लकीवर मोजते आणि महिनाअखेरीस खात्यावर टाकते. ४० लाखांवर ८.५ टक्क्यांनी एका दिवसाचे व्याज सुमारे ९३१ रुपये ५० पैसे होते. ३१ दिवसांच्या महिन्यात ते २८,८७७ होते आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीत २६,०८२. हप्ता तोच असल्यामुळे त्याच शिल्लकीवर मुद्दलाचा वाटा एका महिन्यात ५,८३६ तर दुसऱ्यात ८,६३१ दिसू शकतो. ही चूक नव्हे.

शिल्लक किती काळाने घटवली जाते, हे मात्र करारात शोधलेच पाहिजे. रोजच्या किंवा मासिक घटत्या शिल्लकीत फारसा फरक पडत नाही. वार्षिक घटती शिल्लक असेल, तर वर्षभर भरलेले मुद्दल वर्षअखेरीपर्यंत हिशेबात धरलेच जात नाही, आणि त्याच ८.५ टक्क्यांचा हप्ता ३५,२२४ होतो. महिन्याचे ५११ रुपये किरकोळ वाटतात. वीस वर्षांत ते १ लाख २२ हजारांहून अधिक होतात. छोट्या पतसंस्थेकडून कर्ज घेणाऱ्यांनी तर दर ‘घटत्या शिल्लकीवर’ आहे की ‘फ्लॅट’ आहे, हे लेखी विचारावे. फ्लॅट दरात मूळ रकमेवरच अखेरपर्यंत व्याज लागते, त्यामुळे कमी दिसणारा दर प्रत्यक्षात फार महाग पडतो.

३. पहिला पूर्ण हप्ता सुरू होण्यापूर्वीचे व्याज

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर घेतले असेल, तर बँक रक्कम टप्प्याटप्प्याने बांधकाम व्यावसायिकाला देते. जेवढी रक्कम दिली तेवढ्यावरचे केवळ व्याज या काळात आपल्याकडून घेतले जाते. त्याला प्री-ईएमआय म्हणतात. हे पैसे भरूनही मुद्दल एका रुपयानेही कमी होत नाही आणि वीस वर्षांची मोजणीही सुरू होत नाही. घराचा ताबा लांबला तर ही अवस्था वर्षानुवर्षे चालते. पहिल्या टप्प्यापासूनच पूर्ण हप्ता सुरू करण्याची सोय अनेक बँका देतात. घरभाडे आणि पूर्ण हप्ता दोन्ही पेलत असतील तर ती सोय घ्यावी, असे माझे मत आहे.

व्याज कोणत्या तारखेपासून लागले, हेही तपासावे. धनादेश तयार झाला एका तारखेला आणि आपल्या हाती पडला दहा दिवसांनी, तर मधल्या दिवसांचे व्याज लावणे योग्य नाही. मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावण्याचे प्रकार आढळल्यामुळे रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ रोजी परिपत्रक काढून ते थांबवण्यास आणि जादा घेतलेली रक्कम परत करण्यास वित्तसंस्थांना सांगितले आहे. उदाहरणातील कर्जावर दहा दिवस म्हणजे ९,३१५ रुपये होतात. एका पत्राने ते परत मिळत असतील तर पत्र लिहावेच.

४. दर बदलला की उरलेले हप्ते मोजा

बदलत्या दराच्या कर्जात दर वाढला की बँका बहुधा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत वाढवतात. खिशाला काही जाणवत नाही, म्हणून लक्षही जात नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पकाळासाठी पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य मानक दराशी (बँकेबाहेर ठरणाऱ्या दराशी), बहुतेक ठिकाणी रेपोशी, जोडलेली असल्यामुळे ही वाढ थेट कर्जदारांपर्यंत पोहोचली. त्या सुमारास मी माझा उतारा काढला. दोन वर्षांचे हप्ते वेळेवर भरून झाल्यावर उरलेले हप्ते २१६ असायला हवे होते. तेथे ३०४ लिहिले होते. बारीक अक्षरातील तो आकडा मी तीन वेळा वाचला.

हे कसे होते ते आपल्या उदाहरणात पाहा. एका वर्षानंतर शिल्लक ३९,२०,३९१ असताना दर ८.५ वरून ९.५ झाला आणि हप्ता बदलला नाही. महिन्याचे व्याज २७,७६९ वरून ३१,०३६ वर जाते, मुद्दलासाठी ६,९४४ ऐवजी ३,६७७ उरतात, आणि २२८ हप्त्यांचे २८५ होतात. जवळजवळ पावणेपाच वर्षे वाढली. तेच हप्ता २,४८५ रुपयांनी वाढवून ३७,१९८ केला असता तर मुदत हलली नसती. दर १०.६३ टक्क्यांवर गेला तर व्याजच हप्त्याहून मोठे होते आणि कर्ज फिटण्याऐवजी वाढू लागते.

रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, ही निवड कर्जदाराला दिली पाहिजे. मुदत वाढवताना व्याज हप्त्याहून अधिक होऊ देता कामा नये, आणि आजवर वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि दर दाखवणारे विवरणपत्र दर तिमाहीला उपलब्ध करून दिले पाहिजे. हे विवरणपत्र दर तीन महिन्यांनी उघडून ‘उरलेले हप्ते’ हा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवावा. तीन महिन्यांत तो तीननेच कमी झाला पाहिजे. झाला नसेल तर त्याच आठवड्यात पत्र द्यावे.

फेब्रुवारी २०२५ पासून रेपो दर पुन्हा उतरू लागला. दर कमी होतो तेव्हा हप्ता कमी करून घेण्याचा मोह टाळावा; हप्ता तोच राहिला तर सुटलेले व्याज आपोआप मुद्दलात जाते.

५. जादा रक्कम भरताना तीन गोष्टी लेखी मागा

वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी शुल्क घेता येत नाही. जादा भरलेला रुपया थेट मुद्दल कमी करतो, आणि तो जितका लवकर भरला जाईल तितके अधिक महिने त्याच्यावरचे व्याज वाचते.

समजा, वर्ष संपताच आपण २ लाख रुपये जादा भरले. शिल्लक ३७,२०,३९१ झाली. आता दोन वाटा आहेत. हप्ता ३४,७१३ हाच ठेवला तर २२८ ऐवजी सुमारे २०२ हप्त्यांत कर्ज फिटते आणि ७ लाख १३ हजारांच्या आसपास व्याज वाचते. मुदत २२८ महिनेच ठेवली तर हप्ता ३२,९४२ वर येतो, महिन्याला १,७७१ रुपये मोकळे होतात, पण वाचणारे व्याज सुमारे २ लाख ४ हजारच असते. घरात आजारपण किंवा शिक्षणाचा खर्च असेल तर दुसरी वाट चुकीची नाही. मात्र निवड आपण करावी. आपण काही बोललो नाही तर बँकेच्या संगणकात जे ठरवलेले असेल ते होते.

सर्वांत मोठा खड्डा येथेच आहे, आणि मी त्यात पडलो आहे. दिवाळीत मिळालेले दीड लाख रुपये मी नेटबँकिंगने कर्जखात्यात वळते केले आणि निश्चिंत झालो. पुढच्या उताऱ्यात ती रक्कम ‘आगाऊ हप्ते’ या नावाने बाजूला पडून होती आणि मुद्दल जसेच्या तसे होते. संगणकाच्या दृष्टीने मी पुढचे काही हप्ते आधीच देऊन ठेवले होते. दोन फेऱ्या, एक लेखी अर्ज आणि पाच आठवडे गेल्यावर नोंद दुरुस्त झाली. साडेआठ टक्क्यांच्या हिशेबाने त्या पाच आठवड्यांचे व्याज १,२२० रुपयांच्या घरात जाते, आणि मी उतारा पाहिला नसता तर ते तसेच चालू राहिले असते.

म्हणून रक्कम भरताना त्याच दिवशी पुढील मजकुराचा अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी:

‘कर्जखाते क्रमांक … मध्ये दिनांक … रोजी भरलेली … रुपयांची रक्कम मुद्दलाच्या अंशतः मुदतपूर्व फेडीपोटी त्याच दिनांकाने जमा करावी, मासिक हप्त्याची रक्कम कायम ठेवून उर्वरित मुदत कमी करावी आणि सुधारित परतफेड तक्ता द्यावा.’

जमा कशात करायची, कोणत्या तारखेने करायची आणि मुदत कमी करायची की हप्ता, या तिन्ही गोष्टी त्या एका वाक्यात येतात. शाखेत ‘पार्ट पेमेंट’ हा शब्द सर्वांना समजतो, तो तोंडी अवश्य वापरावा.

कर्ज दुसऱ्या बँकेत हलवण्याचा विचार असेल तर हेच गणित आधी करावे. पाच वर्षे फेडलेले कर्ज नव्या बँकेत पुन्हा वीस वर्षांसाठी मांडले गेले, तर कमी दर मिळूनही एकूण व्याज वाढू शकते. उरलेली मुदत पंधरा वर्षे असेल तर पंधराच मागावीत.

६. हप्ता चुकला तर पैसे कोणत्या क्रमाने जमा होतात

हा क्रम करारात लिहिलेला असतो. बहुतेक करारांत आधी शुल्के आणि खर्च, मग थकलेले व्याज, आणि शेवटी मुद्दल असा तो आढळतो. उदाहरणातील कर्जाचा तेरावा हप्ता चुकला तर चौदाव्या महिन्यात दोन महिन्यांचे व्याजच ५५ हजारांहून अधिक झालेले असते. त्या महिन्यात एकच हप्ता, ३४,७१३ रुपये, भरला तर या क्रमाने तो संपूर्ण व्याजातच विरतो. म्हणून थकलेली रक्कम बँकेकडून आकड्यासह विचारून एकदमच भरावी.

उशिरासाठी दंड लागतो, पण १८ ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या दुसऱ्या एका परिपत्रकानुसार तो दंडव्याज म्हणून दरात मिसळता येत नाही. वेगळे दंडशुल्क म्हणूनच घ्यावा लागतो आणि त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. उताऱ्यात दंडाची रक्कम मुद्दलाच्या स्तंभात चढलेली दिसली तर हरकत घ्यावी.

७. वर्षअखेरचे प्रमाणपत्र

प्रमाणपत्रात व्याज आणि मुद्दल वेगवेगळे दाखवलेले असते, कारण प्राप्तिकरात त्यांना वेगळी वागणूक आहे. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत, तर मुद्दलावर इतर गुंतवणुकींसह दीड लाखाच्या मर्यादेत वजावट मिळते. नव्या प्रणालीत स्वतः राहत्या घरासाठी या वजावटी नाहीत. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी, फेब्रुवारीत मिळणारे प्रमाणपत्र अंदाजी असते. एप्रिलनंतर अंतिम प्रमाणपत्र मागून घ्यावे. केवळ करवजावट टिकावी म्हणून मुदतपूर्व फेड टाळणारे बरेच जण मला भेटले आहेत. तीस टक्के कर वाचवण्यासाठी ते शंभर टक्के व्याज भरत असतात.

८. हिशेब जुळला नाही तर

आधी शाखेला आणि नंतर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे. पत्रात ‘व्याज जास्त लावले’ असे मोघम न लिहिता कोणत्या तारखेची नोंद, खात्यात किती, आपल्या हिशेबाने किती आणि फरक किती, हे चार आकडे द्यावेत. अशा पत्राला उत्तर लवकर येते, हा माझा अनुभव आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. गृहवित्त कंपनीचे कर्ज असेल तर तक्रार राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे जाते, आणि पतसंस्थेचे असेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे.

शेवटचा हप्ता भरताना आजच्या तारखेची अंतिम देणे रक्कम लेखी घ्यावी, कारण रोजच्या शिल्लकीवरच्या व्याजामुळे तक्त्यातील शेवटचा आकडा आणि प्रत्यक्ष आकडा यांत थोडा फरक राहतो, आणि शंभर-दोनशे रुपये शिल्लक राहूनही खाते उघडेच राहू शकते. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत मिळाली पाहिजेत; वित्तसंस्थेच्या दोषामुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा चढलेला असेल, तर ना-हरकत दाखला तलाठ्याकडे देऊन तो कमी करून घ्यावा आणि नवा उतारा काढून तेवढी ओळ खरोखर गेली आहे का, ते पाहावे.